नमनाचं तेल

दुपारी अडीच ते चार दाजीबानपेठेत गिऱ्हाईक नसतं. लग्नाच्या बस्त्याला आलेली खेड्यावरची मंडळी सावजी खानावळीत जेवायला गेलेली असतात, समोरचा सराफ गादीवरच कलंडतो, आणि मी काउंटरवरचे फॉलचे गठ्ठे एका बाजूला सारून हातभर जागा करतो. त्या हातभर जागेत गेले सात महिने एक मुलगी कादंबऱ्यांच्या प्रस्तावना लिहिते आहे. परीक्षेचं पूर्ण उत्तर लिहीत नाही. उत्तर आपल्याला येतं, असं तिचं म्हणणं; अडतं ते आरंभाला.

पहिल्या आठवड्यात तिने अकरा प्रस्तावना लिहून आणल्या. अकरा कादंबऱ्या, अकरा पानं, सुबक अक्षर. त्यातल्या नऊ प्रस्तावना १८५७ साली सुरू होत होत्या. बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन', मग हरिभाऊ आपटे, मग फडके-खांडेकर, आणि त्या रांगेच्या शेवटी, दाराशी चपला काढून अवघडून उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखी, जिच्याविषयी लिहायचं ती कादंबरी. दहाव्या पानावर कादंबरी हा समाजाचा आरसा होता. अकराव्या पानावर नुसतं नाव आणि तारीख, खाली कोरं.

"यातली अकरावी बरी आहे," मी म्हटलं.

"काका, ती लिहायची राहिली."

"म्हणूनच."

ती दोन दिवस आली नाही.

माझा अधिकार काय, हे आधीच सांगून टाकतो. आमचं दुकान फॉल, अस्तर, जरीकाठ आणि रिळांचं. आजोबा सांगलीकडून आले तेव्हा हुबळी मुंबई इलाख्यात होती. १९५६ साली राज्य बदललं, दुकान जिथल्या तिथे राहिलं. २०१४ च्या १ नोव्हेंबरला गावाचं सरकारी नाव हुब्बळ्ळी झालं, मी पाटी नव्याने रंगवून घेतली आणि घरी आम्ही हुबळीच म्हणत राहिलो. मराठी घेऊन मी बी.ए. झालो आणि गादीवर बसल्या बसल्या बाहेरून एम.ए.ची परीक्षा दिली. ती कशी दिली, ते पुढे येईलच. एवढ्या भांडवलावर मी शिकवायला बसलो आहे, कारण पेठेत मराठी कादंबऱ्या वाचणारा दुसरा माणूस तिला सापडला नाही. धारवाडला शिकवण्यांचे वर्ग चिक्कार आहेत, चिगरी बसमध्ये बसलं की झालं; पण ते कन्नड आणि इंग्रजीतले.

ती माझ्या शेजारच्या भांडेवाल्याची मुलगी. घरात मराठी, शाळा कन्नड माध्यमाची, पदवी विज्ञानाची. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेला तिने मराठी साहित्य हा वैकल्पिक विषय घेतला आहे. "कन्नड का नाही घेतलंस?" असं विचारल्यावर म्हणाली, "कन्नडला माझ्या वर्गातले सगळे आहेत." हे उत्तर मला पटलं. भाषेच्या अभिमानाच्या गोष्टी सांगितल्या असत्या तर मी एवढा वेळ दिला नसता.

या विषयाचे दोन पेपर, अडीचशे-अडीचशे गुणांचे, प्रत्येकाला तीन तास. दुसऱ्या पेपरात नेमलेली पुस्तकं. गद्याची यादी पाहिली तर कुणीतरी हौसेने कपाट आवरलं असावं अशी. महानुभावांचं 'स्मृतिस्थळ', जोतीराव फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड', अत्र्यांचं 'साष्टांग नमस्कार', बाबुराव बागुलांच्या कथा, प्र. ई. सोनकांबळ्यांचं 'आठवणींचे पक्षी', आणि त्यात केतकरांची 'ब्राह्मणकन्या', शरच्चंद्र मुक्तिबोधांची 'जन हे वोळतु जेथे', गौरी देशपांड्यांचं 'एकेक पान गळावया'. दहा गुणांचं टिपण दीडशे शब्दांत उरकायचं. दीडशे शब्दांत प्रस्तावनेच्या वाट्याला किती येणार? मोजून वीस-पंचवीस. आणि तिच्या वीस-पंचवीस शब्दांत बाबा पदमनजीसुद्धा बाहेर पडत नव्हते.

तरी दोष तिचा नव्हे. पुण्याहून मागवलेल्या झेरॉक्स नोट्स तिच्याजवळ होत्या, आणि त्यांत प्रत्येक उत्तर असंच सुरू होत होतं. खरं तर ही सवय पुण्याची म्हणणंही अन्यायाचं होईल, ती फार जुनी आहे. 'कादंबरी' हा शब्दच पाहा. हिंदीत आणि बंगालीत उपन्यास, गुजरातीत नवलकथा. मराठी आणि कन्नड मात्र दोन्हीकडे कादंबरी. माझ्या दुकानात दोन भाषांचं गिऱ्हाईक एकाच नावाने एकच माल मागतं, असे शब्द थोडे. हे नाव आलं बाणभट्टाच्या कथेवरून. बाणभट्ट सातव्या शतकातला, हर्षाच्या दरबारचा. त्याने 'कादंबरी'च्या सुरुवातीच्या श्लोकांत आपली वंशावळ सांगितली आहे: पूर्वज कोण, आजा कोण, बाप कोण. पुढे कथा त्याच्या हातून अपुरी राहिली ती मुलाने पुरी केली. तेव्हा 'लेखकाचा जन्म अमुक गावी झाला' या प्रस्तावनेला आपल्याकडे तेराशे वर्षांची परंपरा आहे, आणि मूळ विषय अपुरा राहण्यालाही.

आता माझी गोष्ट. परीक्षेला विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'वर प्रश्न आला. माझी आवडती कादंबरी, १९३९ सालची. युरोपातून हिंदुस्थानकडे निघालेली बोट, तिच्यावर चक्रधर नावाचा मराठी माणूस आणि हॅर्टा ही जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी. मला वाटलं, आपण सगळ्यांपेक्षा वेगळी सुरुवात करावी. म्हणून मी व्हर्सायच्या तहापासून निघालो. १९१९, मग जर्मनीतली महागाई, मग हिटलर, मग ज्यूंची परवड. तिथून वळलो आणि फडके-खांडेकरांच्या युगात मराठी कादंबरी कशी गुळगुळीत झाली होती ते सांगितलं. मग बेडेकर सिनेमाचे दिग्दर्शक होते, म्हणून त्यांच्या शैलीत कॅमेऱ्याची दृष्टी कशी आली याचं सूतोवाच केलं. चार पानं झाली. पाचव्या पानावर मी 'आता प्रत्यक्ष कादंबरीकडे वळू' असं लिहिलं आणि घंटा वाजली. माझी बोट बंदरातून सुटलीच नाही. त्या पेपरला शंभरात अडतीस मिळाले. परीक्षक कोण होता ठाऊक नाही, पण माणूस दयाळू असला पाहिजे.

पूर्वी रात्रीचे खेळ पलित्यांच्या उजेडात चालत. गणाला आणि नमनालाच घडाभर तेल जळालं तर मूळ वग अंधारात होणार, हा त्या म्हणीतला हिशेब. म्हण सगळे वापरतात, ती दुसऱ्याच्या भाषणाला लावतात. मी ती अडतीस गुण देऊन विकत घेतलेली आहे.

ती तिसऱ्या दिवशी आली तेव्हा मी तिला ही गोष्ट सांगितली. ती हसली आणि वहीऐवजी मी तिच्यापुढे रिळांच्या डब्यातले रिकामे पुठ्ठे ठेवले. तळहाताएवढा पुठ्ठा, त्याच्यावर मावेल तेवढंच लिहायचं. शिवाय एक अट घातली. पुस्तक कोणी लिहिलं, कधी लिहिलं, कोणत्या प्रवाहातलं, हे सगळं ठीक. आधी मला हे सांग की वाचताना तुझा चहा कुठल्या पानावर गार झाला.

"म्हणजे?"

"आजीने आणून ठेवलेला चहा तू विसरलीस ते पान."

ती विचारात पडली. मग प्रामाणिकपणे म्हणाली, "नोट्स वाचताना मी चहा कधीच विसरत नाही."

आमच्या धंद्यात पहिल्या वाक्याचं महत्त्व मला कुणी शिकवावं लागलं नाही. माणूस पायरी चढून वर येईपर्यंत ठरवायचं असतं की याच्याशी कुठल्या भाषेत बोलायचं. कन्नड, मराठी, मारवाडी, दखनी उर्दू, आणि तुळजाभवानीच्या देवळाभोवती राहणाऱ्या खत्री मंडळींची ती गोड बोली, जी गुजरातीही वाटते आणि मराठीही. नेसण्यावरून ओळखू म्हटलं तर इरकली लुगडं दोन्ही भाषा नेसतात. मी एकदा एका नऊवारीतल्या म्हाताऱ्या बाईंना "या मावशी, काय दाखवू?" म्हणालो. त्यांनी शांतपणे पायरीवर बसून घेतलं आणि धारवाडी कन्नडमध्ये मला विचारलं की तुझा बाप मला "बर्री अव्वा" म्हणायचा, तुला काय झालं? बाई माल घेऊन गेल्या, पण भाव करताना मला सोलून काढलं. पहिलं वाक्य चुकलं तर गिऱ्हाईक जात नाही. फक्त पुढचं सगळं महाग पडतं.

हे मी तिला सांगितलं, आणि सांगितल्यावर मलाच त्यात गफलत दिसली. दुकानदार समोरच्याला पाहून बोलतो. परीक्षा देणारा कुणाला पाहून लिहिणार? परीक्षक दिसत नाही. म्हणून तो मनाने एक परीक्षक तयार करतो: चष्मा, भुवया वर, हातात लाल शाई. त्या माणसाला खूश करायला आपण बाबा पदमनजींना पुढे करतो, की साहेब, मी इतिहास वाचलेला आहे. म्हणजे ते वाक्य कादंबरीविषयी नसतंच. ते ओळखपत्र असतं.

कादंबऱ्या स्वतः कशा सुरू होतात, ते मग आम्ही पाहू लागलो. दुपारी एक कादंबरी, फक्त पहिली दोन-चार पानं. नेमाड्यांची 'कोसला' १९६३ ची. त्यांचं वय तेव्हा पंचविशीतलं. त्यातला पांडुरंग सांगवीकर आपलं नाव आणि वय सांगत येतो, तहसील कचेरीत अर्ज भरावा तसा. एवढी बडबडी, एवढी गोंधळ घालणारी कादंबरी, आणि आरंभ असा कोरडा. त्या कोरडेपणात पुढची सगळी थट्टा दबा धरून बसलेली आहे. आमच्याकडच्या वाचकाला सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे 'कोसला' कन्नडमध्ये नेली ती वामन बेंद्रे यांनी, म्हणजे द. रा. बेंद्र्यांच्या चिरंजीवांनी. ज्या मराठी बोलणाऱ्या घरातून कन्नडला तिचा मोठा कवी मिळाला, त्याच घरातून पांडुरंग सांगवीकर कन्नडात गेला. हे कळल्यावर तिने लगेच पुठ्ठा ओढला आणि प्रस्तावनेत हेच लिहायला लागली. मी थांबवलं. माहिती सुंदर आहे, पण ती 'कोसला'विषयी काय सांगते? ती आपल्याविषयी सांगते. ती चहाबरोबर बोलायची.

माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) मास्तर पायी वाडीकडे निघालेला असतो. वाडी काय आहे हे आपल्याला आधी कोणी सांगत नाही. मास्तराच्या पायांना जेवढं कळतं तेवढंच आपल्याला. अनंतमूर्तींची 'संस्कार' तिने कन्नडमध्ये वाचलेली होती. धारवाडच्या मनोहर ग्रंथमालेने १९६५ साली काढलेली ही कादंबरी. अग्रहारातला विद्वान प्राणेशाचार्य पहिल्याच प्रसंगात आपल्या पंगू बायकोला अंघोळ घालतो आहे. धर्मशास्त्राचा मोठा पेच पुढे येणार, नारणप्पाचं प्रेत कोणी उचलायचं यावर अख्खा अग्रहार उपाशी बसणार. पण लेखकाने सुरुवात पाण्याच्या तांब्यापासून केली. विवेक शानभागांच्या 'घाचर घोचर'मध्ये आपण प्रथम कॉफी हाउसात जातो आणि तिथला वेटर भेटतो. त्या पुस्तकाचं नाव म्हणजे एका घरातला खाजगी शब्द, दोरा गुंतून गुंतून सुटेनासा झाला की त्या घरची माणसं तो वापरतात. रिळं विकणाऱ्या माणसाला असा शब्द सापडल्यावर तो कशाला सोडतो! तेव्हापासून तिच्या फसलेल्या प्रस्तावनांना आमच्या दुकानात घाचर घोचर म्हणतात.

(धारवाड म्हटलं की मराठी वाचक जी. ए. कुलकर्ण्यांचं नाव घेणार, हे मला माहीत आहे. पण ते कथेचे, आणि कथेची सुरुवात हा वेगळा उद्योग आहे. ते इथे आणले तर आमची बोट पुन्हा बंदरातच राहील.)

एकदा ती वैतागून म्हणाली, "म्हणजे काका, प्रस्तावना लिहूच नको? सरळ मुद्द्याला हात घालू?"

याचं उत्तर मला पुस्तकातून देता आलं नसतं. हुबळीत देशपांडेनगरात गंगूबाई हनगल राहत होत्या आणि धारवाडात मल्लिकार्जुन मन्सूर. मधे वीस किलोमीटर. गंगूबाई किराणा घराण्याच्या. एकेका सुराशी थांबत, त्याला चहूबाजूंनी बघत, मग पुढच्या सुराला हात. ऐकणाऱ्याला घाई असेल तर त्याने उठून जावं. मन्सूर जयपूर-अत्रौलीचे. ते आलापात फार रेंगाळत नसत. थोडक्या सुरांत राग उभा करून बंदिशीला भिडत, आणि आपण सावरून बसेपर्यंत गाणं भरात आलेलं असे. दोन्ही नमनंच. लांबीवर काही नाही. पण दोघांपैकी कोणीही, या रागाचा थाट अमुक, वादी स्वर तमुक, गायची वेळ रात्रीचा दुसरा प्रहर, असं सांगून गायला सुरुवात केलेली कुणी ऐकली आहे? ते रेडिओवरची बाई सांगते. आपल्या नऊ प्रस्तावना रेडिओवरच्या बाईच्या होत्या.

ती म्हणाली, दीडशे शब्दांत मन्सूरच परवडतील. हेही खरं.

हळूहळू पुठ्ठे भरू लागले. काही चांगले, बरेचसे घाचर घोचर. 'एकेक पान गळावया'वर तिने पहिल्यांदा जे लिहिलं त्यात 'स्त्रीमुक्ती' हा शब्द तीनदा आला होता आणि पुस्तकातली एकही बाई नव्हती. हे पुस्तक १९८० चं, त्यात तीन दीर्घकथा आहेत, कादंबरिका म्हणा हवं तर. मी विचारलं, तिघींपैकी कोण तुझ्या ओळखीची? तिला एक आठवली, पण नाव सांगेना. आपल्या मावशीसारखी आहे म्हणाली आणि विषय बदलला. मी ताणलं नाही. ती प्रस्तावना तिने नंतर घरी लिहिली आणि मला दाखवली नाही. मला वाटतं ती चांगली झाली असणार.

मग 'ब्राह्मणकन्या'.

हे पुस्तक कोणाला सहज आवडावं असं नाही. श्रीधर व्यंकटेश केतकर म्हणजे तेवीस खंडांचा ज्ञानकोश उभा करणारे गृहस्थ. त्यांची कादंबरी १९३० ची, आणि तिच्यात माणसं बोलता बोलता समाजशास्त्राचं व्याख्यान देऊ लागतात. भाषा खडबडीत, कलाकुसरीचं वावडं. या पुस्तकावरची नोट्समधली प्रस्तावना केतकरांच्या अमेरिकेतल्या पीएच. डी. पासून सुरू होत होती. तिने वाचून आणखी खोदलं तर तिला कळलं की केतकरांची बायको एडिथ कोन, जर्मन ज्यू, लग्नानंतर शीलवती झाली. झालं! जातीबाहेरच्या लग्नाची कादंबरी आणि लेखकाचं लग्नही जातीबाहेरचं, याहून सोयीची प्रस्तावना कुठली? तिने पुठ्ठाभर लिहून आणलं. मी वाचलं. सगळं खरं होतं, आणि कादंबरीची नायिका कालिंदी त्यात कुठेच नव्हती. तिला म्हटलं, शीलवतीबाईंना चहाबरोबरच्या कप्प्यात ठेव, वामन बेंद्र्यांच्या शेजारी.

"मग तुमचा कुठं गार झाला?" तिने रागानेच विचारलं.

मला सांगता येईना. मी 'ब्राह्मणकन्या' चाळीस वर्षांपूर्वी वाचलेली, तीही परीक्षेसाठी. कालिंदीचं घराणं, घराण्याच्या पूर्वेतिहासामुळे ब्राह्मणांत अडणारं तिचं लग्न, एवढं लख्ख आठवत होतं. पण ते कथानक झालं. मी गप्प बसलो आणि एका बाईला फॉल कापून दिला.

पुढच्या दुपारी ती आली ती बसायच्या आत बोलू लागली.

"काका, शिवशरणप्पा."

"कोण?"

"कालिंदी ज्याच्याबरोबर राहायला जाते तो. लिंगायत. नोट्समध्ये त्याच्यावर एक ओळ आहे, 'कालिंदीच्या आयुष्यातील एक टप्पा'. टप्पा! माझा चहा तिथं गार झाला. आजी ओरडली."

मी वाट पाहिली.

"मला त्याचं दुकान दिसायला लागलं," ती म्हणाली. "गादी, मागं बसवण्णांचा फोटो. दुर्गदबैलाकडून आलं की डाव्या हाताला असेल बघा."

केतकरांच्या कादंबरीत आमच्या हुबळीतलं दुर्गदबैल नाही, हे सांगायची गरज नव्हती. तिने पुठ्ठा पुढे ओढला आणि एका बैठकीत हे लिहिलं:

'शिवशरणप्पा हे नाव पुण्याच्या वाचकाला लांबचं वाटेल; आमच्या पेठेत ही हाक मारली तर चार जण वळून बघतील. केतकरांनी १९३० साली कालिंदीला लग्नावाचून या माणसाच्या घरी आणलं आणि तिथंही तिला टिकू दिलं नाही. दोन समाजांच्या मधे जन्मलेल्या माणसाने जायचं कुठे, हा समाजशास्त्रज्ञाचा प्रश्न; कादंबरीत त्याचं उत्तर शोधायचं काम एका बाईच्या गळ्यात पडतं.'

मी दोनदा वाचलं. मराठी टीकाकारांनी 'ब्राह्मणकन्या'वर पुष्कळ लिहिलं आहे आणि मी त्यातलं थोडंफार वाचलं आहे. त्यांत शिवशरणप्पाकडे दुकानातून पाहिलेलं मला कुठे आठवत नाही. तो त्यांना कालिंदीच्या प्रवासातला थांबा वाटतो. इथे पेठेत आपण त्याच्याकडून सुटे पैसे घेतो, त्याच्या मुलीच्या लग्नाला जातो, आणि आपल्या मुलीने त्याच्या मुलाबद्दल एक शब्द काढला तर रात्रभर झोपत नाही. कादंबरी शंभर वर्षांची व्हायला आली. तो प्रश्न अजून दुर्गदबैलाच्या डाव्या हातालाच बसलेला आहे.

मी तिला शाबासकी दिली आणि लगेच आमचं भांडण झालं. कारण मी पेन्सिल घेऊन शब्द मोजले. पन्नासाच्या घरात. दीडशेतले पन्नास! नमनाला घडाभर नाही, पण अर्धा घडा नक्की. एक वाक्य जायला हवं. माझं म्हणणं, पहिलं जाऊ दे. परीक्षक दिल्लीच्या कुठल्या खोलीत बसून शेकडो वह्या तपासणार. त्याला तुझी पेठ ठाऊक नाही, त्याला वाटेल ही पोरगी आपलं गाव घुसडते आहे. तिचं म्हणणं, मग तेच वाक्य तेवढं माझं आहे, बाकीची दोन कुणालाही लिहिता येतील.

"आणि मार्क?"

"तुम्ही व्हर्सायच्या तहाला अडतीस आणलेत. शिवशरणप्पाला चाळीस तरी मिळतील."

या पोरीला ती गोष्ट सांगायलाच नको होती.

पण मी अडून बसलो. हौस वेगळी आणि परीक्षा वेगळी. तिच्या बापाने भांड्यांच्या दुकानातला नोकर कमी करून तिच्या पुस्तकांचा खर्च चालवला आहे, हे मला दिसतं. मी म्हटलं, पेठ काढ, शिवशरणप्पा ठेव. ती म्हणाली, पेठ काढली की शिवशरणप्पा पुन्हा टप्पा होतो. आम्ही बराच वेळ बोललो नाही. चार वाजत आले, समोरचा सराफ उठून बसला, गिरमिटवाल्याने गाडी लावली. तिने पुठ्ठा उलटा केला आणि मागच्या बाजूला पुन्हा लिहिलं. पहिलं वाक्य ठेवलं, दुसरं काढलं, तिसरं अर्ध्यावर आणलं. पेठेच्या जागी 'हुबळीच्या बाजारात' आलं. मग शब्द मोजले. चोवीस.

तो पुठ्ठा मी ठेवून घेतला आहे. गल्ल्याच्या काचेखाली, लक्ष्मीच्या चित्राशेजारी. गिऱ्हाईक विचारतं, हे काय? कन्नड गिऱ्हाईकाला मी अर्थ सांगतो. परवा एक गृहस्थ, खरोखरच लिंगायत, खरोखरच व्यापारी, ऐकून म्हणाले, "पुस्तक कन्नडात आहे का?" मला ठाऊक नव्हतं. तिला शोधायला सांगितलं आहे.

आता फक्त मुक्तिबोध राहिले. 'जन हे वोळतु जेथे' ही त्यांच्या तीन कादंबऱ्यांतली तिसरी, १९६९ ची. आधी 'क्षिप्रा' आणि 'सरहद्द'. त्यांच्या नायकाला, बिशूला, लहानपणापासून ओळखल्याशिवाय तिसरी हातात धरू नये असं माझं मत, परीक्षेला तेवढा वेळ नाही असं तिचं. तिने थेट तिसरीच घेतली आहे आणि निम्म्यावर आली आहे. दुकानात बसून वाचते तेव्हा मी तिला चहा मागवतो. आतापर्यंत पाच वेळा मागवला. पाचही वेळा तिने गरमच प्याला.